विश्लेषण : दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को अंतर तेवढेच, मग विमानाचा वेळ का बदलतो?

दोन विमानतळांमधील अंतर इंटरनेटवर एका क्षणात सापडते. त्याला विमानाच्या वेगाने भागले की प्रवासाचे तास मिळतील, असे शाळेतले गणित सांगते. लांब पल्ल्याच्या विमानप्रवासात मात्र हे गणित बहुतेक वेळा चुकते. जास्त अंतराचा मार्ग कमी वेळात पोहोचवतो, जवळचे शहर विमानाच्या आवाक्याबाहेर जाते आणि विनाथांबा म्हणून काढलेल्या तिकिटाला वाटेत थांबा लागतो. असे का होते आणि प्रवाशाला ते कधी कळायला हवे, याविषयी.

अंतर नेमके किती?

दिल्लीचे इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को विमानतळ यांच्यातील पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेले सर्वात कमी अंतर सुमारे १२,३८० किलोमीटर आहे. मुंबईहून हेच अंतर सुमारे १३,५०० किलोमीटर भरते. भूखंडांची वर्षाकाठी होणारी काही सेंटीमीटरची सरक सोडली तर या आकड्यांत काही बदल होत नाही.

लांब पल्ल्याचे प्रवासी विमान उंचावर ध्वनीच्या साधारण ८४ टक्के वेगाने उडते. तिथे उणे ५५ अंशांच्या आसपास तापमान असते आणि अशा हवेत हा वेग ताशी जवळपास ८९० किलोमीटर होतो. त्यानुसार दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला १४ तासांच्या आत पोहोचायला हवे. प्रत्यक्षात कधी साडेचौदा तास लागतात, तर कधी त्याहून बरेच जास्त. हा फरक समजून घ्यायचा तर चार गोष्टी पाहाव्या लागतात : जमीन, वारा, इंधन आणि देशांच्या सीमा.

नकाशावरील सरळ रेषा का फसवते?

भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को पट्टीने जोडले तर रेषा पश्चिमेला उत्तर आफ्रिका आणि अटलांटिकवरून किंवा पूर्वेला चीन आणि पॅसिफिकवरून जाते. यातली कोणतीही रेषा सर्वात जवळची नाही. गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवताना ध्रुवांकडचा भाग ताणला जातो, त्यामुळे उत्तरेकडची वाट कागदावर उगाचच लांब दिसते.

घरात पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्यावा. एक टोक दिल्लीवर, दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर धरून दोरा ताणावा. तो पूर्वेलाही जात नाही आणि पश्चिमेलाही नाही. दिल्लीहून तो जवळजवळ सरळ उत्तरेला, किंचित पूर्वेकडे कलून निघतो. हिमालय, तिबेट आणि सायबेरिया ओलांडून ७५ अंश उत्तर अक्षांशाच्याही वर, आर्क्टिक महासागरावर पोहोचतो आणि मग अलास्काच्या बाजूने खाली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे उतरतो. भूमितीत याला बृहद्‌वृत्त म्हणतात. अंतर सांगणारी संकेतस्थळे बहुतेक वेळा याच रेषेची लांबी दाखवतात. विमान मात्र त्या रेषेवरून जातेच असे नाही.

जवळच्या मार्गात हिमालय कसा आडवा येतो?

प्रवासी विमाने दहा ते बारा किलोमीटर उंचीवरून उडतात आणि एव्हरेस्टची उंची ८,८४९ मीटर आहे. मग हिमालय अडतो कुठे, असा प्रश्न पडू शकतो. अडचण नेहमीच्या उड्डाणात नसते. काही बिघडले तर खाली उतरायला जागा आहे का, हा प्रश्न असतो.

केबिनमधील हवेचा दाब अचानक कमी झाला तर डोक्यावरचे ऑक्सिजन मास्क खाली पडतात. बहुतेक विमानांत हा ऑक्सिजन रासायनिक प्रक्रियेतून तयार होतो आणि साधारण १२ ते २० मिनिटे पुरतो. तेवढ्या वेळात वैमानिकाने विमान सुमारे १०,००० फुटांवर, म्हणजे तीन किलोमीटर उंचीवर आणायचे असते. तिथे मास्कशिवाय श्वास घेता येतो. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच साडेचार किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे सुरक्षित उंचीवर यायचे म्हटले तर मध्ये जमीनच येते. एक इंजिन बंद पडले तरी विमानाला उंची कमी करावी लागते आणि तेव्हाही हाच पेच उभा राहतो.

जादा ऑक्सिजन आणि आधीच आखून ठेवलेल्या सुटकेच्या वाटा असतील तर या भागावरून उडता येते. तरीही बहुतेक कंपन्या हा पट्टा टाळणे पसंत करतात. त्यामुळे दिल्लीहून उत्तरेला निघणारी सर्वात जवळची वाट सुरुवातीलाच वाकवावी लागते. १२,३८० हा आकडा पहिला फटका इथेच खातो.

लांबच्या मार्गाने विमान लवकर कसे पोहोचते?

ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने या मार्गावर एक बदल केला. त्याआधी दिल्लीहून निघालेले विमान युरोप आणि अटलांटिक ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोला जात असे. तो मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरचा होता. १६ ऑक्टोबर २०१६ रोजी कंपनीचे बोइंग ७७७-२०० एलआर विमान पूर्वेकडे वळले आणि पॅसिफिक महासागर ओलांडून गेले. त्या दिवशी विमान सुमारे १५,३०० किलोमीटर उडाले. अंतर १,४०० किलोमीटरने वाढले, पण प्रवास साडेचौदा तासांत संपला. आधीच्या मार्गापेक्षा सुमारे दोन तास कमी.

याचा हिशेब सोपा आहे. १५,३०० ला साडेचौदाने भागले तर ताशी सरासरी वेग १,०५५ किलोमीटर येतो. विमानाचा स्वतःचा वेग ताशी ८९० च्या आसपास असतो. उरलेले ताशी दीडशेहून अधिक किलोमीटर पाठीमागून वाहणाऱ्या वाऱ्याने दिले. विमानतळावरच्या सरकत्या पट्ट्यावरून चालताना पाय नेहमीच्याच गतीने पडतात, तरी माणूस शेजारून चालणाऱ्यांच्या पुढे जातो. विमानाचेही तसेच होते. हवेच्या तुलनेत त्याचा वेग तोच असतो, ती हवाच पुढे सरकत असते.

या वाऱ्याला जेट प्रवाह म्हणतात. जमिनीपासून साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा हा अरुंद पण अतिशय वेगवान पट्टा असतो. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात फुगे सोडून त्याची मोजणी केली होती. त्यांनी निष्कर्ष एस्परांतो या कृत्रिम भाषेत प्रसिद्ध केल्याने जगाचे त्याकडे फारसे लक्ष गेले नाही, असे सांगितले जाते. जपानच्या आसपास हिवाळ्यात हा प्रवाह विशेष जोरदार असतो. दिल्लीहून पूर्वेला निघालेल्या विमानाला त्याचाच फायदा होतो.

अटलांटिकवर हीच गोष्ट फेब्रुवारी २०२० मध्ये दिसली. ‘किआरा’ वादळाच्या काळात ब्रिटिश एअरवेजचे विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. एरवी या प्रवासाला सहा तासांहून अधिक लागतात. जमिनीच्या तुलनेत त्या विमानाचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता, तरीही त्याने ध्वनीचा वेग ओलांडला नव्हता.

जाताना आणि येताना वेळ वेगळा का?

हा प्रवाह पूर्वेकडे वाहतो, म्हणून पूर्वेला जाणाऱ्याला मदत होते आणि पश्चिमेला जाणाऱ्याला अडथळा. मुंबईहून लंडनला जाताना वेळ जास्त लागतो आणि येताना कमी, त्याचे हेच कारण. हिवाळ्यात जेट प्रवाहाची एक शाखा हिमालयाच्या दक्षिणेला, उत्तर भारतावर सरकते. त्यामुळे थंडीत हा फरक आणखी जाणवतो.

जाताना गेलेला वेळ येताना परत मिळतो, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. समजा, दोन शहरांत ९,००० किलोमीटर अंतर आहे आणि विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर. वारा नसेल तर जाण्याला दहा आणि येण्याला दहा, असे एकूण वीस तास लागतील. आता ताशी १०० किलोमीटरचा वारा धरा. समोरून वारा असताना वेग ८०० होतो आणि सव्वाअकरा तास लागतात. पाठीमागून वारा असताना वेग १,००० होतो आणि नऊ तास लागतात. एकूण सव्वावीस. म्हणजे वारा दोन्ही वेळा सारखाच असला तरी जाऊन-येऊन तो पंधरा मिनिटे खातोच. विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहते, हे त्यामागचे साधे कारण.

दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को मार्गावर यातून वाट काढण्याची एक दुर्मीळ सोय आहे. ही दोन शहरे पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंना आहेत. त्यामुळे जाताना पूर्वेकडे पॅसिफिकवरून आणि परतताना पुन्हा पूर्वेकडेच अटलांटिकवरून येता येते. २०१६ मध्ये एअर इंडियाने हेच केले. अशा दौऱ्यात विमान एका फेरीत पृथ्वीप्रदक्षिणा करते आणि वारा दोन्ही वेळा पाठीशी असतो.

तास वाचले की नेमके काय वाचते?

बोइंग ७७७ जातीच्या लांब पल्ल्याच्या विमानात सुमारे १,८१,००० लिटर इंधन मावते. त्याचे वजन जवळपास १४५ टन होते. हे विमान ताशी साधारण सात ते आठ टन इंधन जाळते. दोन तास वाचले म्हणजे सुमारे १५ टन इंधन वाचले.

पण इंधन हे पैशांइतकेच वजनाचेही प्रकरण आहे. इंधन वाहून नेण्यासाठीही इंधन लागते. लांब पल्ल्याच्या उड्डाणात नेलेल्या जादा वजनाच्या तीन ते चार टक्क्यांएवढे इंधन दर तासाला त्या वजनासाठीच जळते, असा ढोबळ हिशेब मांडला जातो. पंधरा तासांच्या प्रवासात शेवटच्या तासासाठी म्हणून घेतलेल्या दर टनामागचा बराचसा भाग वाटेतच संपतो. त्यात वाटेतील अनपेक्षित वापर, पर्यायी विमानतळापर्यंतचा प्रवास आणि शेवटची तीस मिनिटे घिरट्या घालण्यापुरता साठा राखून ठेवणे बंधनकारक असते.

उड्डाणावेळच्या कमाल वजनालाही मर्यादा असते. दिल्लीत मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा हवा विरळ होते आणि तेवढेच वजन उचलायला विमानाला जास्त कष्ट पडतात. अशा वेळी कंपनीपुढे दोनच मार्ग उरतात : प्रवासी आणि माल कमी करायचा किंवा इंधन कमी घेऊन वाटेत ते भरायचे. यालाच तांत्रिक थांबा म्हणतात. मार्ग तासाभराने लांबला की मधल्या थांब्याची शक्यता का वाढते, हे यावरून कळते.

हवाई हद्द बंद झाली की काय होते?

वारा आणि डोंगर यांचा अंदाज बांधता येतो. सीमांचा अंदाज बांधणे अवघड. पहलगाम येथील दहशतवादी हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी हवाई हद्द बंद केली. भारतानेही ३० एप्रिलला पाकिस्तानी विमानांसाठी तेच केले. ही बंदी पुढे महिन्या-महिन्याने वाढवली गेली.

तिचा सर्वात बोलका परिणाम दिल्ली-ताश्कंद मार्गावर दिसला. दिल्लीहून ताश्कंद सरळ रेषेत सुमारे १,६०० किलोमीटरवर आहे. दिल्लीहून तिरुवनंतपुरम २,२०० किलोमीटरवर. म्हणजे उझबेकिस्तानची राजधानी दिल्लीला केरळच्या राजधानीपेक्षा जवळची. तरीही हद्द बंद होताच इंडिगोला ताश्कंद आणि कझाकस्तानातील अल्माटी येथील सेवा थांबवावी लागली. पाकिस्तानला वळसा घालून जाण्याचा मार्ग या सेवेसाठी वापरल्या जाणाऱ्या लहान विमानांच्या पल्ल्याबाहेर गेला होता. नकाशावरचे अंतर तसूभरही न हलता एक शहर आवाक्याबाहेर गेले.

मोठ्या विमानांची गत थोडी वेगळी झाली. दिल्लीहून युरोपकडे जाणारी विमाने आधी दक्षिणेला गुजरातकडे येऊन अरबी समुद्रावर निघू लागली. मुंबईहून पश्चिमेला जाणारी विमाने एरवीही समुद्रावरून जाऊ शकतात, त्यामुळे मुंबईला दिल्लीएवढी झळ बसली नाही. पण सगळी वर्दळ ओमान आणि आखाताच्या चिंचोळ्या वाटेवर आली. जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण संघर्ष पेटला तेव्हा तीही वाट काही काळ अडचणीत आली. उत्तर अमेरिकेच्या विमानांना व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी थांबावे लागले. सॅन फ्रान्सिस्कोहून मुंबईला येणारे विमान २०२५ मध्ये कोलकात्यात थांबून येत होते. हद्द वर्षभर बंद राहिल्यास सुमारे ६० कोटी डॉलरचा फटका बसेल, असा एअर इंडियाचा अंदाज तेव्हा समोर आला होता. १ सप्टेंबर २०२५ पासून कंपनीने दिल्ली-वॉशिंग्टन सेवा थांबवली. त्यासाठी दिलेल्या कारणांत विमानांच्या नूतनीकरणासोबत हवाई हद्दबंदीचाही उल्लेख होता.

ही काही पहिली वेळ नव्हती. बालाकोटनंतर फेब्रुवारी ते जुलै २०१९ या काळातही पाकिस्तानची हद्द बंद होती. २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाचे ४९१ कोटी रुपयांचे नुकसान झाल्याची माहिती सरकारने राज्यसभेत दिली होती. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर रशियाचे आकाश अमेरिकी कंपन्यांना बंद झाले. तेव्हा युनायटेड एअरलाइन्सने सॅन फ्रान्सिस्को-दिल्ली आणि नेवार्क-मुंबई या सेवा थांबवल्या होत्या. फिनलंडच्या फिनएअरला हेलसिंकीहून टोकियोला जाण्यासाठी नऊ तासांऐवजी सुमारे तेरा तास लागू लागले.

वाटेत उतरायची वेळ आली तर?

मार्ग निवडताना आणखी एक अट असते. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडल्यास ठरावीक वेळेत गाठता येईल असा विमानतळ सतत आवाक्यात ठेवावा लागतो. निर्मनुष्य प्रदेशावरून किंवा महासागरावरून जाताना म्हणूनच रेषा थोडी इकडे-तिकडे वाकते. ध्रुवाजवळून जाताना बाहेरच्या थंडीत इंधनाचे तापमान घसरते. जेट ए-१ इंधन उणे ४७ अंशांच्या आसपास गोठू लागते, त्यामुळे त्यावरही लक्ष ठेवावे लागते. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखाली महिला वैमानिकांच्या पथकाने सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरुला उत्तर ध्रुवाजवळून विमान आणले. त्या उड्डाणाचे कौतुक झाले ते या साऱ्या तयारीमुळेही.

विमानतळ आवाक्यात असणे आणि तिथे प्रवाशांची सोय असणे यात मात्र फरक आहे. ६ जून २०२३ रोजी दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले एअर इंडियाचे विमान इंजिनातील बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेकडील मगदान येथे उतरवावे लागले. विमानात २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी होते. विमान सुखरूप उतरले. पण दुर्गम गावात एवढ्या लोकांना पुरतील इतकी हॉटेले नव्हती. प्रवाशांना तात्पुरत्या निवाऱ्यात राहावे लागले. मुंबईहून दुसरे विमान पाठवल्यावर त्यांचा पुढचा प्रवास झाला.

तिकिटावरचे तास कसे वाचावेत?

तिकिटावर छापलेला कालावधी हवेतील वेळेचा नसतो. विमान निघण्याच्या जागेवरून हलल्यापासून पोहोचल्यावर पुन्हा थांबेपर्यंतचा तो वेळ असतो. धावपट्टीकडे जाणे, रांगेत थांबणे, उतरण्यापूर्वी घिरट्या घालणे हे सगळे त्यात धरलेले असते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. अशा ठिकाणी वेळापत्रकात काही मिनिटांची जागा ठेवावीच लागते. वारा अनुकूल असेल आणि गर्दी नसेल तर विमान ‘वेळेआधी’ पोहोचते, ते या राखीव मिनिटांमुळे.

दुसरा घोळ घड्याळांचा. कॅलिफोर्नियाचे घड्याळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेतेरा आणि उन्हाळ्यात साडेबारा तास मागे असते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते तासभर पुढे केले जाते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणले जाते. समजा, उन्हाळ्यात विमान दिल्लीहून पहाटे ४ वाजता निघाले आणि प्रवासाला १६ तास लागले, तर ते त्याच दिवशी सकाळी साडेसातला सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचते. तिकीट पाहून साडेतीन तासांचा प्रवास वाटावा! परतताना तिथून सकाळी ११ वाजता निघालेले विमान १६ तासांनी दिल्लीत पोहोचते तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवसाची दुपारचे साडेतीन झालेले असतात. म्हणून निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ वजा न करता ‘एकूण कालावधी’ हा रकाना पाहावा. त्याशेजारी थांब्यांची संख्याही पाहावी.

प्रवाशाला हे कधी सांगणार?

हवाई हद्द बंद झाल्यावर दोनच दिवसांनी, २६ एप्रिल २०२५ रोजी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपन्यांना सूचना दिल्या. बदललेला मार्ग, वाढलेला एकूण वेळ आणि तांत्रिक थांब्याची शक्यता प्रवाशांना आधी सांगावी, वाढलेल्या वेळेला पुरेल इतके अन्नपाणी ठेवावे, वैद्यकीय साहित्याची तयारी असावी, असे त्यात म्हटले होते. ही माहिती चेक-इनच्या वेळी, विमानात चढण्याच्या दारापाशी आणि शक्य असेल तिथे मेसेज किंवा ईमेलने द्यावी, असेही सांगितले होते.

सूचना योग्य होत्या, पण त्यांची जागा चुकली. चेक-इनच्या खिडकीवर उभ्या असलेल्या प्रवाशाच्या हातात निर्णय उरलेला नसतो. त्याचा निर्णय तिकीट काढताना झालेला असतो. या मार्गांवरून जाणारे सगळेच काही कंपनीच्या खर्चाने फिरणारे अधिकारी नाहीत. नातवंडाच्या जन्मासाठी पहिल्यांदाच अमेरिकेला निघालेले पुण्या-नाशिकचे आजी-आजोबा त्यांत असतात. मुलाने ‘विनाथांबा आहे, कुठे उतरायचे नाही’ म्हणून चार पैसे जास्त देऊन तिकीट काढलेले असते. इन्सुलिनच्या वेळा त्या तासांवर बसवलेल्या असतात. पुढचे विमान वेगळ्या तिकिटावर असेल आणि ते चुकले, तर नव्या तिकिटाचा खर्चही त्यांच्याच माथी येतो. दोन तास वाढणे त्यांच्यासाठी निव्वळ गैरसोय नसते.

उशीर झाल्यास भरपाई देण्याचे नियम आपल्याकडे आहेत. पण सरकारी आदेश, युद्ध, अशांतता यांसारख्या कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना त्यातून वगळलेले आहे. हे वगळणे समजण्यासारखे आहे, शेजारी देशाने आकाश बंद केले तर कंपनी काय करणार? मात्र जिथे भरपाई मिळणार नाही, तिथे निदान माहिती तरी वेळेवर मिळायला हवी.

कंपन्यांची बाजू अशी की अंतिम मार्ग त्या दिवसाचा वारा पाहून ठरतो, तो महिनाभर आधी कसा सांगायचा? हे खरेच आहे. पण नेमका मार्ग कोणी मागत नाही. याच क्रमांकाच्या उड्डाणाला गेल्या तीन महिन्यांत कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती तास लागले, त्यांतील किती वेळा मध्ये थांबावे लागले, एवढे दोन आकडे तिकीट काढण्याच्या पानावर दाखवता येतील. ही नोंद प्रत्येक कंपनीकडे असतेच. त्यावरूनच ती पुढच्या हंगामाचे वेळापत्रक आणि इंधनाचा खर्च ठरवते. जे गणित कंपनी स्वतःसाठी मांडते, त्याचे उत्तर प्रवाशालाही दाखवावे. महासंचालनालयाने चेक-इनऐवजी तिकीट विक्रीच्या वेळी हे बंधनकारक करावे आणि ‘विनाथांबा’ म्हणून विकलेल्या उड्डाणात थांबा नियमित होऊ लागला तर तो शब्द काढायला लावावा.

तोवर लांबच्या प्रवासाचे तिकीट काढणाऱ्यांनी काही गोष्टी आपल्या आपण कराव्यात. उड्डाणांचा माग ठेवणाऱ्या संकेतस्थळांवर त्या उड्डाणाचे गेल्या काही दिवसांतील मार्ग आणि वेळ पाहावेत. पुढचे विमान शक्यतो त्याच तिकिटावर घ्यावे, नाहीतर मध्ये भरपूर वेळ ठेवावा. औषधे हातातल्या बॅगेत, ठरलेल्या तासांपेक्षा निदान एका दिवसाची जास्त ठेवावीत आणि बदलत्या घड्याळाप्रमाणे ती कधी घ्यायची हे डॉक्टरांना आधीच विचारावे. दोन विमानतळांमधील किलोमीटर कुणालाही शोधता येतात. त्या किलोमीटरना किती तास लागणार, हे कंपनीला ठाऊक असते आणि तिकिटाचे पैसे घेण्याआधी ते सांगणे तिचे काम आहे.